पापा एसिएडू: हा नवा स्नेप नेमका कुठून आला? त्याचं आधी काय बघावं?

खडूमास्तर (सातारा)

मंडळी, नमस्कार.

आमच्या घरात सध्या हॅरी पॉटरवरून वातावरण तापलंय. एचबीओ या अमेरिकन वाहिनीच्या नव्या मालिकेत स्नेपचं, म्हणजे हॅरीच्या शाळेतल्या त्या कुजकट प्राध्यापकाचं काम पापा एसिएडू नावाचा इंग्रज नट करतोय, हे तुम्हाला ठाऊक असेलच. थोरली नववीत आहे, सातही पुस्तकं तिने मराठीतून वाचून काढलीत. तिचं म्हणणं, "बाबा, हा स्नेप वाटतच नाही." धाकट्याचं म्हणणं, "तू बघितलंयस कुठे अजून?" आणि मग ताटावर बसल्या बसल्या जुंपते.

(नावावरचे विनोद आमच्याकडे करून झालेत, तेव्हा इथे नकोत.)

मी शाळेत मराठी शिकवतो आणि दरवर्षी स्नेहसंमेलनाची नाटकं बसवतो, रंगभूमीशी माझा संबंध एवढाच. पण या नटाबद्दल कुतूहल वाटायला लागलंय. मूळचा नाटकातला म्हणतात. पंचविसाव्या वर्षी हॅम्लेट केला म्हणतात, तोही शेक्सपिअरच्या गावात! आपल्याकडे त्या वयाची पोरं अजून एकांकिका स्पर्धेच्या बसमध्ये सेटच्या फळ्यांवर झोपलेली असतात.

तर प्रश्न असे. हा इथवर पोचला कसा? टीव्हीवर नाव झाल्यावरही तो सारखा नाटकाकडे का वळतो, तिकडे पैसे बरे मिळतात की काय? आणि पोरांना, किंवा निदान मला, त्याचं आधी काय बघता येईल?

विकिपीडिया मलाही वाचता येतो. ज्यांनी त्याला प्रत्यक्ष रंगमंचावर बघितलंय अशा कुणी लिहिलं तर आनंद होईल.

पेठकर

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. सिनेमातला स्नेप, ॲलन रिकमन, बघा आणि टीव्ही बंद करा.

पुस्तकात फिकट पिवळी कातडी, आकड्यासारखं नाक, खांद्यापर्यंत तेलकट केस असं स्वच्छ लिहिलेलं आहे. ते सगळं बदलायचं असेल तर पात्रच नवीन लिहा ना. नट चांगला असेल हो, नाही कोण म्हणतंय? पण चांगला नट म्हणून उद्या कुणालाही नाना फडणवीस करणार का?

ई_सतरा (लंडन)

मास्तर, खास तुमच्यासाठी लॉगिन केलं. पासवर्डही आठवत नव्हता.

मी मूळची डोंबिवलीची, आता कैक वर्षं पूर्व लंडनमधल्या वॉल्थमस्टोची. एसिएडू वाढला तो याच वॉल्थमस्टोमध्ये, म्हणजे आमच्या गावचा पोरगा. थोडा पक्षपात होणार, तेवढा वजा करून वाचा. ज्यांना वॉल्थमस्टो माहीत नाही त्यांच्यासाठी: व्हिक्टोरिया लाइनचं शेवटचं स्टेशन, स्टेशनाबाहेर पडलं की किलोमीटरभर रस्त्यावरचा बाजार, आणि त्या बाजारात घानाच्या बाईच्या शेजारी लाहोरचा दुकानदार भेंडी विकत उभा. याचे आईवडील घानाचे. वडील तो चौदा वर्षांचा असताना गेले. आईने एकटीने वाढवला. हुशार म्हणून इथल्या एका महागड्या खासगी शाळेत शिष्यवृत्ती मिळाली, आणि पुढे डॉक्टर व्हायचं ठरलं होतं. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन, मेडिसिन. तो रस्ता सोडून गिल्डहॉल नाट्यशाळेत गेला.

(हे वाचून किती आईबापांच्या पोटात गोळा आला असेल ते मला इथून दिसतंय. आमच्या घरी नुसतं बीएला जाते म्हटलं तर आठवडाभर कुणी बोलत नव्हतं.)

गिल्डहॉलमध्ये त्याच्याच वर्गात मायकेला कोएल होती. ती पुढे येणार आहे, नाव लक्षात ठेवा. शाळेतले दिवस सगळेच गोड नव्हते. एका शिक्षकाने वर्गातल्या इम्प्रोव्हायझेशनमध्ये, म्हणजे सुचेल तसा प्रसंग उभा करण्याच्या सरावात, कृष्णवर्णीयांसाठीची ती घाणेरडी शिवी वापरली, आणि वर्गात कृष्णवर्णीय हे दोघेच. त्याने हे २०२३ मध्ये जाहीरपणे सांगितलं, आणि गिल्डहॉलने माफी मागितली. शिक्षण चालू असतानाच आईही गेली. २०१२ मध्ये बाहेर पडला तेव्हा मागे ना आई, ना वडील.

आता तुमचा पहिला प्रश्न, पोचला कसा. मला विचाराल तर बदली नट म्हणून पोचला. २०१४ मध्ये नॅशनल थिएटरने किंग लिअर केलं. दिग्दर्शक सॅम मेंडिस, लिअर सायमन रसेल बील, म्हणजे सगळी बडी मंडळी. त्यात याला काम काय, तर ड्यूक ऑफ बर्गंडी. हा इसम पहिल्याच प्रवेशात धाकट्या राजकन्येला मागणी घालायला येतो, लिअर तिला काहीच देणार नाही असं कळल्यावर मुलगी नको म्हणतो आणि निघून जातो. हुंड्यासाठी लग्न मोडणारा एका प्रवेशाचा नवरदेव! मग उरलेला वेळ मेकअपच्या खोलीत. पण त्याचबरोबर एडमंडच्या भूमिकेचा तो अंडरस्टडी, म्हणजे बदली नट, होता. एडमंड म्हणजे नाटकातला दुसरा मोठा खलनायक, पानंच्या पानं स्वगतं. आणि एका प्रयोगात खेळ चालू असतानाच एडमंड करणाऱ्या सॅम ट्राउटनचा आवाज बसला. नुसता घोगरा झाला असं नाही, गेलाच. नाटक थांबवायचं नव्हतं. बर्गंडी कपडे बदलून एडमंड म्हणून आत गेला आणि उरलेलं नाटक त्याने केलं.

आता कल्पना करा. प्रेक्षकांनी अर्धं नाटक एका एडमंडबरोबर बघितलंय. त्यांना त्याचा राग येतोय, मजाही वाटतेय. आणि मधूनच एक चोविशीच्या आतला पोरगा येतो ज्याला त्यांनी मघाशी हुंडा मागताना बघितलंय. नॅशनलचं ऑलिव्हिए सभागृह हजाराच्या वर माणसांचं आहे, विनोद नव्हे. दोन वर्षांनी रॉयल शेक्सपिअर कंपनीने लिअर केलं, अँटनी शेरचं, तेव्हा एडमंड याचा स्वतःचा होता. बदलीचा नव्हे.

आणि त्याच वर्षी, २०१६ मध्ये, त्याच कंपनीत, शेक्सपिअरच्या गावी स्ट्रॅटफर्डला, हॅम्लेट. कंपनी १९६१ ची. पंचावन्न वर्षांत तिथे कृष्णवर्णीय हॅम्लेट झालेला नव्हता, हा पहिला. त्याआधीच्या वर्षी ब्रिस्टलला एका जुन्या तंबाखूच्या कारखान्यात थाटलेल्या रंगमंचावर त्याने रोमिओ केला होता, म्हणजे उडी अगदी हवेतून नव्हती.

हॅम्लेट मी बघितला तो २०१८ च्या मार्चमध्ये, हॅकनी एम्पायरला. लंडनमध्ये नाटक म्हटलं की लोक वेस्ट एंडला, मध्य लंडनच्या थिएटरांच्या भागात जातात. हे थिएटर आमच्या बाजूला, १९०१ चं, सोनेरी नक्षीचं, आणि बाल्कनी इतकी उभी की वरच्या रांगेत बसलं की खालच्या माणसाचं टक्कल ताटासारखं समोर. मी वरच्या रांगेत होते हे सांगायला नकोच. आजूबाजूला शाळेची पोरं, हातात चिप्स.

दिग्दर्शक सायमन गॉडविनने हॅम्लेटचं डेन्मार्क उचलून पश्चिम आफ्रिकेच्या वळणाच्या एका राज्यात ठेवलं होतं. बहुतेक सगळा नटसंच कृष्णवर्णीय, ढोल रंगमंचावरच. सुरुवात भुताने नाही, पदवीदानाने. हॅम्लेट विटेनबर्गच्या विद्यापीठातून पदवी घेतो, खुशीत, आणि पुढच्या क्षणी ढोल वाजतात आणि बापाची अंत्ययात्रा. परदेशात शिकायला गेलेला आणि बाप गेला म्हणून घरी परतलेला मुलगा. विमानतळावरून थेट स्मशानात गेलेली माणसं इथे आमच्या ओळखीत आहेत, त्यामुळे ती दोन मिनिटं मला जड गेली. मग हा वेडाचं सोंग घेतो ते चित्रकार होऊन. कपड्यांवर रंगाचे फराटे, हातात ब्रश. आणि रोझेनक्रान्ट्झ-गिल्डेनस्टर्न हे दोन मित्र गोरे, बाहेरून आलेले पाहुणे. त्या एका योजनेने त्या दोघांचं पोकळ गोडबोलेपण आपोआप कळत होतं. समजावून सांगावं लागलं नाही.

पण तुम्ही नटाबद्दल विचारलंत. त्याचा हॅम्लेट घाईतला होता. हुशार, थट्टेखोर, बोलता बोलता स्वतःच्याच वाक्यावर हसणारा. स्वगत म्हणायला लागला की ते पाठ केलेलं वाटत नव्हतं, आत्ताच सुचतंय आणि सुचल्याचं त्याचं त्यालाच आश्चर्य वाटतंय असं. चिप्सवाली पोरं गप्प झाली होती. माझी तक्रार एकच, शेवटच्या भागात, जिथे हॅम्लेट निवळतो, शांत होतो, तिथे तो तेवढा शांत झाला नाही. वय असेल. पुढे ते जमलं, त्याबद्दल सांगते.

याच हॅम्लेटसाठी आणि एडमंडसाठी त्याला इयन चार्लसन पुरस्कार मिळाला. तिशीच्या आतल्या नटनट्यांना अभिजात नाटकातल्या कामासाठी देतात. इयन चार्लसनला तुम्ही बघितलेलं आहे, ॲटनबरोंच्या गांधी सिनेमात चार्ली अँड्र्यूज झालेला तो. १९८९ मध्ये नॅशनल थिएटरमध्ये डॅनिएल डे-लुईसने हॅम्लेट अर्ध्यात सोडला. अक्षरशः चालू प्रयोगातून निघून गेला. त्या रात्रीचं उरलेलं नाटक अंडरस्टडी जेरेमी नॉर्दमने पुरं केलं, आणि पुढच्या प्रयोगांसाठी बोलावलं ते चार्लसनला. चार्लसनला तेव्हा एड्स झालेला होता, चेहरा सुजलेला. तशा अवस्थेत त्याने हॅम्लेट केला आणि जानेवारी १९९० मध्ये, चाळिशीत, वारला. एडमंडसाठी ऐन प्रयोगात धावून गेलेल्या पोराला नेमका या माणसाच्या नावाचा पुरस्कार मिळावा, याची मला फार गंमत वाटते.

हात दुखले. बाकीचं रात्री.

विंगेतला (मुंबई)

ताई, लिहा अजून, वाट बघतोय.

तोवर बदली नटाबद्दल थोडं. पंधरा-वीस वर्षं बॅकस्टेजला काढलीत, म्हणून सांगतो. आपल्याकडे व्यावसायिक नाटकात मुख्य नट आजारी पडला की साधारण एकच होतं, प्रयोग रद्द, बुकिंगच्या खिडकीवर चिठ्ठी, पैसे परत. मालिकेचं शूटिंग वाढलं, नट अडकला, तरी तेच. लांबचं दुखणं असेल तर रिप्लेसमेंट शोधायची. मग बिचारा मागच्या प्रयोगाचं रेकॉर्डिंग कानाला लावून बसमध्ये पाठांतर करतो, चार तालमी मिळाल्या तर नशीब, आणि कपडे आधीच्या नटाचे, कमरेत पिना मारून. पहिल्या प्रयोगाला आम्ही विंगेत संहिता हातात धरून उभे.

तिकडे अंडरस्टडी ही नेमणूकच असते. करारात लिहिलेली, त्याच्या वेगळ्या तालमी होतात. आपल्या निर्मात्याला ते परवडणारं नाही, त्याला दोष देत नाही. रविवारच्या दोन प्रयोगांवर ज्याचं गणित चालतं तो न खेळणाऱ्या नटाची नाइट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, कुठून देणार?

मास्तर, पंचविशीतल्या हॅम्लेटबद्दल तुम्हाला आश्चर्य वाटलं ते बरोबर आहे. आपल्याकडे २०१८ मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनी नाना जोगांच्या भाषांतरावरून हॅम्लेट केलं, सुमीत राघवन हॅम्लेट. उत्तम काम. पण त्याने पंचेचाळिशी ओलांडली होती तेव्हा. आपल्याकडे एवढा मोठा सेट उभा करायचा तर तिकीटबारीवर नाव लागतं, आणि नाव व्हायला चाळिशी उजाडते. पंचविशीतल्या पोरावर तेवढे पैसे लावायला मागे सरकारी अनुदानावरची कंपनी लागते.

अर्धरक्त

पेठकर काका, एक छोटासा हिशोब. स्नेपचा जन्म १९६० चा, आणि हॅरी शाळेत जातो १९९१ मध्ये. म्हणजे पहिल्या पुस्तकात स्नेप एकतीस वर्षांचा आहे. पहिल्या सिनेमाच्या वेळी रिकमन पंचावन्नच्या आसपास होते. एसिएडू आत्ता पस्तिशीत. मग पुस्तकाला धरून कोण आहे? रिकमन मलाही प्राणप्रिय आहेत, पण "पुस्तकात स्वच्छ लिहिलंय" हा मुद्दा तेव्हा कुणी काढला नव्हता.

पेठकर

वय मेकअपने झाकता येतं.

ई_सतरा (लंडन)

पेठकर, हा वाद मी आधी एकदा पुरा ऐकलाय. २०१६ मध्ये पॉटरचं नाटक लंडनला लागलं तेव्हा हॅरीच्या मैत्रिणीचं, हर्मायनीचं काम नोमा डुमेझवेनी या कृष्णवर्णीय नटीने केलं. तेव्हाही अशीच आगपाखड. पुढच्या वर्षी त्याच कामासाठी तिला ऑलिव्हिए, म्हणजे लंडनच्या रंगभूमीचा मोठा पुरस्कार मिळाला. तुम्हाला नाही पटलं तर नाही पटलं, पण रिकमनसुद्धा याच वाटेने आले होते हे विसरू नका. आधी रॉयल शेक्सपिअर कंपनी, मग चाळिशी ओलांडल्यावर पहिला सिनेमा. सिनेमावाल्यांनी त्यांना नाटकात बघूनच उचललं. नाना फडणवीसांना मधे आणू नका, ते होऊन गेले. स्नेप झालेला नाही.

आता उरलेलं.

२०२० मध्ये त्याचं नाव घराघरात पोचलं ते मायकेला कोएलच्या मालिकेमुळे, आय मे डिस्ट्रॉय यू. तीच गिल्डहॉलची मैत्रीण. लिहिली तिने, मुख्य भूमिका तिची, आणि तिच्या मित्राचं, क्वामेचं काम याचं. या कामासाठी त्याला एमीचं आणि बाफ्टाचं, म्हणजे अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या टीव्हीच्या बड्या पुरस्कारांचं नामांकन मिळालं. मालिका लैंगिक अत्याचाराबद्दल आहे. क्वामेवर अत्याचार होतो आणि तो पोलिसात तक्रार द्यायला जातो, तो प्रसंग मी पुन्हा पुन्हा बघितलाय. समोरचा पोलीस वाईट माणूस नाही, पण पुरुषाने पुरुषाविरुद्ध अशी तक्रार द्यावी याचीच त्याला इतकी लाज वाटतेय की कुठे बघावं कळत नाही. आणि क्वामे बोलता बोलता हळूहळू बंद होत जातो. ओरडणं नाही, रडणं नाही. आपण सांगतोय ते या माणसाला झेपत नाहीये हे त्याला कळतं, आणि तो उलट त्या पोलिसालाच सांभाळून घ्यायला लागतो. हॅम्लेटमध्ये जी शांतता मला कमी पडली होती ती इथे सापडली.

माझं मत असं झालंय की हा बोलण्यापेक्षा ऐकण्यात मोठा नट आहे. आपल्याकडे नटाचं कौतुक म्हणजे "काय संवाद फेकतो!" याच्या बाबतीत समोरचा बोलत असताना याच्याकडे बघावं.

तुमचा दुसरा प्रश्न, नाटकाकडे का वळतो. पैशांसाठी नक्कीच नाही, टीव्हीच्या मानाने नॅशनल थिएटरचा पगार किरकोळ. आणि इथे आपल्यासारखं आठवडाभर शूटिंग आणि शनिवार-रविवार नाटक असं जमत नाही. नाटक घेतलं की आठवड्याला आठ प्रयोग, दोन-अडीच महिने, दुसरं काही करायला जीव उरत नाही. म्हणजे नाटक घेणं म्हणजे तेवढ्या काळाचा टीव्ही सोडणं. तरी हिशोब बघा. मालिका गाजल्यावर, स्काय वाहिनीची द लाझरस प्रोजेक्ट ही मालिका हातात असताना, २०२३ मध्ये नॅशनलला द इफेक्ट केलं. लुसी प्रेबलचं नाटक, औषधाच्या चाचणीसाठी बंद केलेले दोन तरुण प्रेमात पडतात, आणि हे प्रेम खरं की गोळीचं हे त्यांनाही कळत नाही. मी स्वतः औषधांच्या धंद्यातली, त्यामुळे चाचणीचा भाग बघताना जीभ चावत होते, इतक्या नियमांची पायमल्ली! पण नाटक जबर. दिग्दर्शक जेमी लॉइडने प्रेक्षक दोन्ही बाजूंना बसवले होते, मधे प्रकाशाच्या चौकोनांची जमीन, मध्यंतर नाही. नॅशनलची दर शुक्रवारी दुपारी पुढच्या आठवड्याची दहा पौंडांची तिकिटं निघतात, त्यातून मिळालं. टेलर रसेल समोर, आणि दोघं काही न करता नुसते बसलेले असतानाही नजर हटत नव्हती. पुढे न्यूयॉर्कलाही गेलं ते.

२०२४ च्या उन्हाळ्यात डेथ ऑफ इंग्लंड: डेलरॉय. एकट्याचा खेळ, दीड तासाहून जास्त, चारही बाजूंना माणसं. डेलरॉय पूर्व लंडनचा कृष्णवर्णीय, कर्जवसुलीत लोकांच्या घरातलं सामान उचलणारा बेलिफ. ब्रेक्झिटला मत दिलेला, हुजूर पक्षाला मत दिलेला, मी यांच्यातलाच असं समजणारा. प्रेयसीच्या बाळंतपणासाठी इस्पितळाकडे धावत निघतो आणि पोलीस रस्त्यात अडवतात. विंगेतला भाऊ, तुमच्यासाठी एक गोष्ट: हेच नाटक २०२० मध्ये नॅशनलला पहिल्यांदा होणार होतं तेव्हा मुख्य नट जाइल्स टेरेराचं ऐनवेळी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, अंडरस्टडी मायकेल बलोगन उभा राहिला, आणि ज्या रात्री उद्घाटन त्याच रात्री लॉकडाऊनमुळे नाटक बंद. उद्घाटनाचा प्रयोग तोच शेवटचा. एसिएडूने केलं ते चार वर्षांनी.

त्या डेलरॉयसाठी ऑलिव्हिएचं नामांकन मिळालं. एप्रिल २०२५ मध्ये पुरस्कार जाहीर झाले, हा हरला, आणि जिंकला तो जॉन लिथगो. पुढच्याच आठवड्यात पॉटरची नावं जाहीर झाली: शाळेचा हेडमास्तर डंबलडोर जॉन लिथगो, स्नेप पापा एसिएडू. म्हणजे मालिका येण्याआधीच हेडमास्तरांनी प्राध्यापकाला एकदा हरवून झालंय.

जुलै २०२५ मध्ये पॉटरचं चित्रीकरण सुरू झालं. कुणीही म्हणेल, आता बस. तर त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात हा लंडनच्या विंडहॅम्स थिएटरला ऑल माय सन्समध्ये उभा. आर्थर मिलरचं नाटक, बाप ब्रायन क्रॅन्स्टन, हा मुलगा ख्रिस. बापाने युद्धात विमानांचे तडा गेलेले भाग पाठवले होते, आणि बापाला देव मानणाऱ्या मुलाला ते हळूहळू कळत जातं. सगळा वेळ ऐकून घेण्याचंच काम. त्याला साजेसं.

स्नेपबद्दल मला आशा वाटते ती यामुळेच. स्नेप हा मुळात आतलं कुणाला कळू न देणारा माणूस. शंका वेगळीच आहे. याच्या चेहऱ्यात एक उपजत माया आहे, डोळे लगेच हसतात. स्नेपचा कुजकटपणा, लहान मुलांना वर्गात टोचून बोलण्यातला तो आनंद, तो याला कितपत साधेल? एडमंड केलाय, म्हणजे दुष्टपणा येतो. पण एडमंड लाघवी दुष्ट. स्नेप लाघवी अजिबात नाही. गोष्टीच्या शेवटी स्नेपचं जे गुपित उघडं पडतं ते या चेहऱ्यावरून पहिल्याच भागात फुटलं तर पंचाईत.

खडूमास्तर (सातारा)

ताई, काय लिहिलंत! बर्गंडीचा प्रवेश आज आठवीच्या वर्गात सांगितला, पोरी खदखदून हसल्या, आणि एकीने विचारलं, "सर, मग ती मुलगी काय करते?" तास तिथेच संपला.

थोरलीला तुमचं सगळं वाचून दाखवलं. (मालिकेचा भाग गाळून.) तिचं मत बदललेलं नाही, पण "तो डॉक्टर का नाही झाला" याची तिने जरा जास्तच चौकशी केली. तिच्या आईने माझ्याकडे रागाने बघितलं.

आता सांगा, आधी काय बघू? मुलांबरोबर बघण्यासारखं काही आहे का?

विंगेतला (मुंबई)

मास्तर, कधी मुंबईला आलात तर नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्राचा कार्यक्रम बघून या. नॅशनल थिएटरची नाटकं तिथे मोठ्या पडद्यावर दाखवतात. कॅमेरा जवळ जातो त्यामुळे ताई म्हणतात तसं न बोलणाऱ्याच्या चेहऱ्याकडेही बघता येतं. तिकीट मिळालं तर पुढच्या रांगेत बसू नका, मान अवघडते.

ई_सतरा (लंडन)

मास्तर, मुलांबरोबर बघायचं तर हॅम्लेटच. स्ट्रॅटफर्डच्या २०१६ च्या प्रयोगाचं चित्रीकरण झालेलं आहे, डीव्हीडीही निघाली होती. शाळेच्या ग्रंथालयासाठी मागवा, आठवी-नववीला पदवीदान आणि अंत्ययात्रेचा सुरुवातीचा भाग दाखवा, तेवढा दहा मिनिटांत होतो. पूर्ण तीन तास एकदम नको, वर्गात झोपतील. गोष्ट आधी मराठीत सांगून ठेवा.

आय मे डिस्ट्रॉय यू मुलांसमोर अजिबात नको, आणि सासूबाई घरात असतील तर तुम्हीही नको. हेडफोन लावा. गँग्स ऑफ लंडनमध्येही तो आहे, पण त्यात इतकी मारामारी की मी भाजी चिरता चिरता बघितली, म्हणजे चिरण्याकडेच बघितलं.

द लाझरस प्रोजेक्ट तुम्हाला आवडेल. जग बुडालं की काळ मागे फिरवणारी एक गुप्त संघटना, आणि हा साधा ॲप बनवणारा मुलगा, ज्याला सगळं पुन्हा घडतंय हे आपोआप जाणवतं. पहिला भाग बघा, त्यात तेच ते दिवस पुन्हा जगताना त्याची होणारी चिडचिड फार छान आहे. थोरलीला अजून दोन वर्षांनी दाखवा.

आणि नेटफ्लिक्स असेल तर ब्लॅक मिरर मालिकेतला डेमन ७९ हा भाग. १९७९ चं उत्तर इंग्लंड, चपलांच्या दुकानात काम करणारी भारतीय वंशाची एक मुलगी, आणि तिच्याकडून चुकून जागा झालेला सैतान. सैतान म्हणजे आपला हा, आणि त्याने तिला आवडेल म्हणून रूप घेतलंय बोनी एम या जुन्या डिस्को बँडमधल्या त्या नाचऱ्या बॉबी फॅरेलचं, पांढरा चकचकीत पोशाख, मोठ्ठे केस, उंच टाचा. मुलीचं काम अंजना वासनने केलंय, जन्म चेन्नईचा. दोघांची जोडी इतकी जमलीय की खून वगैरे चालू असताना आपण हसत असतो. वहिनींना बोनी एम आवडत असेल तर दोघांनी मिळून बघा. फक्त जेवताना लावू नका, हातोड्याचे प्रसंग आहेत.